मास्तरांनीं आधीं घरें पाहावींत

अमेरिकेंत टूसॉन शहरीं मेक्सिकन मजुरांच्या पोरांच्या घरीं विद्या कसली, असा शाळांचा समज असे. मानववंशशास्त्राच्या पंडितांसंगें मास्तर त्या घरीं गेले. शिकवावयास नव्हे, शिकावयास. शेती, बांधकाम, झाडपाल्याचीं औषधें, असें ज्ञानाचें भांडवल घरोघर निघालें! एक पोर मिठाई विकी. त्याच्या बाईंनीं मिठाईवरच धडे रचले, व ती करून दाखविण्यास एका आईस वर्गांत बोलाविलें. लुईस मोल प्रभृतींनीं १९९२ सालीं हा वृत्तान्त छापला.

आणि आम्ही? सुताराच्या पोरास फूटपट्टीवरून छड्या मारल्या. त्याच्या बापाचा गुण्या कधीं पाहिला नाहीं. कुंभार, लोहार, माळी बंधूंनो, मास्तर दारीं न आला तर तुम्हीच त्यास बोलवा, आणि चाक, भाता, वाफे दाखवा.