किती काढले, किती उरले?

आमच्या खालांचे वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा बाहेर जमलेल्या साऱ्यांचा सवाल एकच होता, "डॉक्टरसाहेब, जठर किती काढलं?" उत्तर आले, "पाऊण भागापेक्षा थोडं जास्त." मुलांना मापे शिकवणारे आम्ही, हे मोजतात कसे, असा प्रश्न आम्हाला पडला.

या शस्त्रक्रियेला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. तोंडावाटे जठरात एक नळी सोडतात. तिची जाडी ‘फ्रेंच’मध्ये मोजतात; 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर. 36 फ्रेंचची नळी 12 मिलिमीटर जाड असते. तिच्या कडेने स्टेपलर चालवून जठराचा बाहेरचा फुगीर भाग वेगळा करतात. काही सर्जन त्या भागात पाणी किंवा हवा भरून किती मावते ते टिपून ठेवतात.

पण जठर म्हणजे पितळेचा लोटा नव्हे, ते फुग्यासारखे ताणते. जोर लावून भरले तर त्याच तुकड्यात जास्त पाणी मावते. म्हणून किती दाबाने भरले हे न सांगता नुसता आकडा सांगितला, तर दोन रुग्णांची तुलना होत नाही. काढलेल्या भागात 500 मिलिलिटरपेक्षा कमी मावले तर वजन पुन्हा वाढू शकते, असे 2007 मध्ये काही जर्मन सर्जनांनी मांडले. तरी सारे काही त्या आकड्यावर ठरत नाही. उरलेल्या जठरात सुरुवातीला जेमतेम 100 ते 150 मिलिलिटर, म्हणजे कपभर, मावते. पुढे तेही सैल होऊ शकते. शरबत, आइस्क्रीम तर त्यातून सहज खाली उतरते आणि वजन वाढवते.

हे आम्हाला ईदच्या दावतीत समजले. "खाला, तुम्ही काही खाल्लंच नाही," म्हणत आम्हीच आग्रहाने बिर्याणीचे दोन घास जास्त वाढले. त्यांनी आमचे मन राखले आणि पुढचा तासभर मोरीत उलट्या करत काढला. आम्ही शरमलो.

तुमच्या घरी असे कोणी असेल तर त्यांना छोटी ताटली द्या, सावकाश खाऊ द्या. जेवताना पाण्याचा आग्रह नको. पाणी मधल्या वेळेत घोट घोट द्या. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आयुष्यभर असतात, त्या चुकू देऊ नका. रोजे धरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

खाला आता अर्धी वाटी खाऊन हात आखडतात. आम्ही पुन्हा वाढायला जात नाही.