रिंगांची टोकं

आमच्या गल्लीत नवी इमारत उभी राहतेय. या आठवड्यात तिथे थांबून मी फक्त कॉलमच्या उभ्या गजांभोवतीच्या रिंगा पाहिल्या: आठ एमएमची सळई, टोकं काटकोनात दुमडून सोडलेली. वाचकहो, काम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट बघायला गेलात की किचनचा ओटा नंतर बघा, आधी ही टोकं बघा! भूकंपात कॉलम मागे-पुढे हेलकावतो, बाहेरचं काँक्रीट सुटतं, काटकोनातलं टोक सरळ होऊन रिंग उघडते; मग उभे गज बाहेर फुगतात आणि कॉलम खाली बसतो. तेच टोक १३५ अंशांत गाभ्याकडे वळवलं, तर रिंग सुटत नाही. भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक, आयएस १३९२०, हेच सांगतं. जादा लागते ती बोटभर सळई आणि फिटरच्या मनगटाचा थोडा जोर. किल्लारीत १९९३ सालच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसं गाडली गेली, तेव्हापासून सिमेंटचं घर म्हणजे सुरक्षित, असं आपण धरून चाललोय. पण २००१ मध्ये कच्छ हादरलं आणि दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत आरसीसी इमारती कोसळल्या. कित्येकींच्या तळाशी पार्किंगसाठी नुसते मोकळे खांब होते. माझं स्पष्ट मत आहे: स्लॅब-कॉलम ओतण्याआधीचे रिंगांचे फोटो ग्राहकाला देणं बिल्डरवर कायद्यानेच सक्तीचं करा, कारण एकदा काँक्रीट पडलं की तपासायला काही उरत नाही.