घरे मिळाली, आता कारभारात वाटा हवा : कुंभारी येथील कामगार वसाहतींचे निवेदन

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, सोलापूर

विषय : मौजे कुंभारी (ता. दक्षिण सोलापूर) येथील रे नगर, गोदूताई परुळेकर व लगतच्या कामगार वसाहतींसाठी स्वतंत्र नगरपरिषद स्थापन करणे, तसेच तोपर्यंत नागरी सुविधा, महिलांचा मालकी हक्क आणि प्रतिनिधित्व यांबाबत निर्णय घेणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारीच्या माळावर वसलेल्या कामगार वसाहतींत राहतो. आमच्यात विड्या वळणाऱ्या महिला आहेत, यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणणारे आहेत, बांधकाम मजूर, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या भगिनी आणि रिक्षाचालकही आहेत. कुणाच्या घरात तेलुगू बोलतात, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू, कुणाच्या मराठी. भाड्याच्या एका खोलीत किंवा झोपडपट्टीत पिढी काढल्यावर आम्हाला हक्काचे छप्पर मिळाले. त्याबद्दल केंद्र आणि राज्य शासनाचे आम्ही ऋणी आहोत. पुढील मागण्या त्याच कामाचा राहिलेला भाग आहेत, या भावनेने हे निवेदन सादर करीत आहोत.

पार्श्वभूमी

या वसाहतींमागे एका लोकप्रतिनिधीचा दीर्घ पाठपुरावा आहे. कॉ. नरसय्या आडम, म्हणजे आमचे आडम मास्तर, १९७८, १९९५ आणि २००४ असे तीन वेळा सोलापूर शहरातून विधानसभेवर निवडून गेले. विडी कामगार बाईला स्वतःचे घर मिळाले पाहिजे, ही मागणी त्यांनी मोर्चांतून मांडली, सभागृहात नेली आणि मंत्रालयाच्या टेबलापर्यंत पोहोचवली. केंद्राचे २० हजार, राज्याचे २० हजार आणि कामगाराचे स्वतःचे २० हजार रुपये अशा वाटणीतून कॉ. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे कामगारांना मिळाली.

२००९ नंतर मास्तर विधानसभेत नव्हते, पण पाठपुरावा थांबला नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागातून असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प मंजूर झाला. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांनी त्याची पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी कुंभारीत येऊन पहिल्या १५ हजार घरांचे हस्तांतरण केले. वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली, तरी कामगाराच्या घरावर सर्वांचे एकमत झाले. कारभाराच्या प्रश्नावरही तसेच एकमत व्हावे, अशी आमची अपेक्षा आहे.

आमची अडचण

रे नगरची घरे शहरी योजनेतून झाली, पण वस्ती ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे. इथल्या कुटुंबांचा शेतीशी संबंध नाही. सकाळी उठून आम्ही सोलापुरातल्या कारखान्यात, मागावर, बांधकामावर जातो. पाणी, ड्रेनेज, कचरा, दिवाबत्ती, बस, दवाखाना या आमच्या गरजा शहराच्या आहेत.

कुटुंबात चार माणसे धरली, तरी १५ हजार घरांची लोकसंख्या ६० हजार होते. गोदूताई वसाहतीची १० हजार घरे मिळवली की आकडा एक लाखावर जातो. रे नगर पूर्ण भरेल तेव्हा दोन्ही वसाहतींची मिळून ४० हजार घरे, म्हणजे किमान १ लाख ६० हजार माणसे होतील. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार ग्रामपंचायत कितीही मोठी असली, तरी तिच्या सदस्यांची संख्या १७ पेक्षा जास्त होत नाही. एवढ्या वस्तीचा कारभार एका ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी आणि उत्पन्नातून चालवावा, ही अपेक्षा मूळ कुंभारी गावावरही अन्याय करणारी आहे. ग्रामपंचायतीविषयी आमची तक्रार नाही. तिच्यावर पडलेला भार तिच्या आवाक्याबाहेरचा आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मधील कलम ३ प्रमाणे नगरपरिषदेसाठी किमान २५ हजार लोकसंख्या आणि किमान ३५ टक्के बिगरशेती रोजगार लागतो. आम्ही लोकसंख्येची अट कितीतरी पटीने ओलांडतो, आणि आमचा रोजगार जवळजवळ पूर्णपणे बिगरशेती आहे. याच जिल्ह्यात २०२१ मध्ये अकलूजला नगरपरिषद आणि नातेपुत्याला नगरपंचायत मिळाली. तोच कायदा आणि तोच न्याय आम्हालाही लागू व्हावा.

सोलापूरकरांना स्थानिक स्वराज्याची किंमत सांगावी लागत नाही. ६ एप्रिल १९३० रोजी, देश पारतंत्र्यात असताना, सोलापूर नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवला. लोकांनी निवडलेली संस्था लोकांच्या वतीने केवढे धाडस करू शकते, हे या शहराने देशाला दाखवले. याच शहराने मार्च २०२२ नंतर महापालिकेत निवडून आलेले सभागृह नसल्याची वर्षेही काढली. गटार तुंबले तर कुणाच्या दारात जायचे, हा साधा प्रश्न त्या काळात गल्लोगल्ली विचारला जात होता. नगरसेवक असतो तेव्हा त्याला अडवता येते, जाब विचारता येतो, पुढच्या वेळी पाडताही येते. कुंभारीच्या माळावरची आमची वस्ती आज तोच अधिकार मागते आहे.

मागण्या

१. स्वतंत्र नगरपरिषद : कलम ३ खालील प्रारूप उद्घोषणा तातडीने प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्यात. मूळ कुंभारी गावाने सामील व्हायचे की वेगळे राहायचे, याबाबत गावकऱ्यांचे म्हणणे ग्रामसभेत ऐकून घ्यावे. अंतिम उद्घोषणेनंतर प्रशासकाची मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावी आणि त्या मुदतीत निवडणूक घ्यावी.

२. मतदार नोंदणी : ज्या रहिवाशांची नावे अजून शहरातील जुन्या पत्त्यावर आहेत, त्यांच्यासाठी वसाहतींतच विशेष शिबिरे घ्यावीत. शिबिरे सुट्टीच्या दिवशी असावीत. एक दिवस खाडा झाला की विडी कामगार महिलेची त्या दिवसाची मजुरी बुडते.

३. महिलांची सभा : ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. नगरपरिषद होईपर्यंत ही सभा प्रत्येक वसाहतीत घ्यावी, आणि तिचे ठराव जिल्हा परिषदेकडे कार्यवाहीसाठी पाठवावेत. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के जागा देण्याचा कायदा महाराष्ट्राने २०११ मध्ये केला. त्या जागांवर उद्या बसणाऱ्या महिलांना आजपासून बोलण्याची आणि हिशेब तपासण्याची सवय होऊ द्यावी.

४. घर बाईच्या नावावर : आवास योजनेच्या नियमानुसार घर महिलेच्या किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असते. करारनामा, मिळकत पत्रिका, घरपट्टी आणि वीजजोडणी या चारही कागदांवर ते नाव आहे की नाही, याची घरनिहाय तपासणी करून दुरुस्ती विनाशुल्क करावी. विधवा, परित्यक्ता आणि एकल महिलांच्या प्रकरणांना प्राधान्य द्यावे. घराबाहेर काढले जाण्याची भीती गेली, तर बाई कारखान्यातल्या मजुरीसाठीही निर्भयपणे भांडू शकते.

५. पाणी व स्वच्छता : उजनी धरण जिल्ह्यात असूनही नळाला कित्येक दिवसांनी येणारे पाणी सोलापूर शहराने सोसले आहे. वसाहतींच्या पूर्ण क्षमतेचा विचार करून कायमस्वरूपी पाणी आरक्षण द्यावे. जलशुद्धीकरण, सांडपाणी प्रक्रिया आणि घनकचरा व्यवस्थेच्या देखभालीसाठी स्वतंत्र निधी मंजूर करावा.

६. शाळा, अंगणवाडी, आरोग्य : निकषाप्रमाणे ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी, एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा आणि ५० हजार लोकसंख्येमागे शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. या निकषांवर वसाहतींची मोजणी करून पदे मंजूर करावीत. मराठीसोबत तेलुगू, उर्दू आणि कन्नड माध्यमाचे वर्गही असावेत. तंबाखूची धूळ वर्षानुवर्षे छातीत घेतलेल्या महिलांची फुप्फुस आणि क्षयरोग तपासणी नियमित व्हावी.

७. बस : कामावर जाण्या-येण्याच्या वेळेत शहरापर्यंत पुरेशा बसफेऱ्या आणि महिलांसाठी सवलतीचा मासिक पास द्यावा. तयार विड्या कारखान्यात पोहोचवण्यासाठी आणि पान-तंबाखू आणण्यासाठी रोज रिक्षाचे भाडे द्यावे लागले, तर मजुरीतला मोठा वाटा रस्त्यातच संपतो.

८. विडी कामगार कल्याण : १९७६ च्या कायद्याने सुरू झालेल्या कल्याण निधीला पैसा पुरवणारा उपकर २०१७ मध्ये जीएसटीबरोबर रद्द झाला. मुलांच्या शिष्यवृत्ती आणि औषधोपचारासाठी राज्याने स्वतःची तरतूद करावी. विडीचा धंदा आटत चालला असताना महिलांना शिवणकाम आणि वस्त्रोद्योगातील प्रशिक्षण वसाहतींतच मिळावे.

९. समन्वय समिती : वरील कामांसाठी मा. जिल्हाधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी. तिच्यात रहिवाशांचे प्रतिनिधी असावेत, त्यांपैकी निम्म्या महिला असाव्यात आणि दर महिन्याचा कामाचा तपशील वसाहतींच्या फलकावर लावावा.

विनंती

महोदय, घर देताना शासनाने आम्हाला लाभार्थी म्हटले. पाणीपट्टी, घरपट्टी आणि मत देणारे नागरिक म्हणून आता आम्हाला आमच्या वस्तीचे निर्णय घेण्याचा हक्क हवा आहे. दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहताना खिडकी कुठे असावी हे ठरवता येत नाही. स्वतःच्या वस्तीत तरी दवाखाना, रस्ता आणि शाळा कुठे हव्यात हे सांगण्याची जागा आम्हाला मिळावी.

आमच्या शिष्टमंडळाला भेटीसाठी वेळ द्यावा, नगरविकास, ग्रामविकास, गृहनिर्माण आणि कामगार या विभागांची संयुक्त बैठक बोलवावी आणि नगरपरिषदेच्या प्रस्तावाचे वेळापत्रक लेखी कळवावे, ही नम्र विनंती. निर्णय लांबल्यास सनदशीर आणि शांततामय मार्गाने जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणे धरण्याचा आमचा निर्धार आहे.

आपले विश्वासू,
कुंभारी परिसरातील कामगार वसाहतींचे रहिवासी
(सह्या व अंगठ्यांची यादी सोबत जोडली आहे)

ठिकाण : सोलापूर

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
१. मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा
२. मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई
३. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सोलापूर
४. मा. खासदार व मा. आमदार, संबंधित मतदारसंघ