चांद्याची दीक्षा आणि दंडकारण्याची बंदूक

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चांद्यास आले. नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्यास तेव्हा दोनच दिवस झाले होते. प्रकृती साथ देत नसतानाही त्यांनी हा प्रवास केला आणि आज चंद्रपूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या नगरीत आपल्या अनुयायांना दीक्षा दिली. पुढे २० नोव्हेंबर रोजी काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेत ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. दुःखमुक्ती हे दोघांचेही साध्य; परंतु बळाने उभारलेली व्यवस्था बळ असेपर्यंतच टिकते आणि मनुष्याचे मन पालटून आणलेले परिवर्तन चिरंतन ठरते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

चांद्याच्या भूमीत बाबासाहेबांनी जो मार्ग दाखविला, त्याच्या नेमका उलट मार्ग १९८० साली गोदावरी-प्राणहिता ओलांडून सिरोंच्याच्या जंगलात शिरला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या पीपल्स वॉर गटाच्या त्या पहिल्या तुकड्या होत्या. २००४ मध्ये या गटाचे रूपांतर भारतीय कम्युनिस्ट पक्षात (माओवादी) झाले. दलित आणि वनवासी यांचा खरा कैवारी आपणच, असा या पक्षाचा दावा. जातिप्रश्नावर त्याने सविस्तर दस्तऐवज लिहिले, खैरलांजीपासून प्रत्येक अत्याचाराच्या घटनेवर पत्रके काढली. शहरांतील काही विद्वानांनी हा दावा जसाच्या तसा उचलून धरला. म्हणूनच तो व्यवहाराच्या कसोटीवर घासून पाहणे अगत्याचे आहे.

एक गोष्ट प्रारंभीच मान्य केली पाहिजे. या तुकड्या आल्या तेव्हा त्यांना गावांत थारा मिळाला, तो मार्क्सच्या ग्रंथांमुळे नव्हे. तेंदूपानांच्या तोडणीला ठेकेदार देत असलेली तुटपुंजी मजुरी आणि जंगल खात्याच्या खालच्या कर्मचाऱ्यांची दहशत, ही त्याची कारणे होती. शासन आणि समाज जेथे पोहोचले नाहीत, तेथे बंदूक पोहोचली.

परंतु पुढे काय झाले? पीपल्स वॉरच्या संस्थापकांपैकी एक असलेले के. जी. सत्यमूर्ती हे स्वतः दलित, आणि तेलुगूतील नामवंत कवी. पक्षांतर्गत जातीचा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला आणि ऐंशीच्या दशकातच त्यांना पक्षाबाहेरची वाट धरावी लागली. २००४ पासून मे २०२५ पर्यंत माओवादी पक्षाचे दोनच सरचिटणीस झाले : गणपती आणि बसवराजू. दोघेही तेलुगू भाषक प्रदेशातून आलेले. दंडकारण्याच्या तुकड्यांत प्राण गमावणारे बहुसंख्य तरुण माडिया, गोंड, मुरिया. पण सर्वोच्च आसनापर्यंत त्यांच्यातला एकही पोहोचला नाही. मरणाचा मान एकाला आणि निर्णयाचा अधिकार दुसऱ्याला, ही विभागणी भारतीय समाजाला अपरिचित नाही. तिलाच जातिव्यवस्था म्हणतात!

दुसरी कसोटी सत्तेतील वाट्याची. ७३ व्या घटनादुरुस्तीने आणि १९९६ च्या पेसा कायद्याने गावातील वंचिताला, विशेषतः स्त्रीला, सरपंचपदाची खुर्ची दिली. ज्या ओसरीवर बसण्याची मुभा नव्हती, तेथे ती अध्यक्षस्थानी बसू लागली. या पक्षाने त्या खुर्चीचे काय केले? निवडणुकांवर बहिष्कार पुकारला, उमेदवारांना धमकावले. २०१२ मध्ये गडचिरोलीतील अनेक लोकप्रतिनिधींनी नक्षल्यांच्या धाकाने राजीनामे दिले. ‘खबऱ्या’ ठरवून ज्यांचे गळे चिरले गेले, तेही बव्हंशी वनवासीच होते. ज्याच्या मुक्तीसाठी लढायचे, त्याचेच मत, पद आणि प्राण हिरावून घ्यायचे, ही कोणती समता?

याच चंद्रपूरने दुसरे उदाहरणही घालून दिले आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. त्या पक्षाचे धुरीण बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे चंद्रपूरचे. १९६९ मध्ये ते राज्यसभेचे उपसभापती झाले. डिसेंबर १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली या पक्षाने भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभारला. सत्याग्रहींनी तुरुंग भरले. पण कोणाच्या रक्ताने हात माखले नाहीत. हा पक्ष पुढे गटबाजीत विखुरला, हे दुर्दैव. तथापि घटना, मतपेटी आणि सत्याग्रह यांवरील त्याची निष्ठा हा या प्रदेशाचा अनमोल वारसा आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रे खाली ठेवली. बाबासाहेबांनी काठमांडूत जे सांगितले, ते समजण्यास इतकी वर्षे आणि इतके बळी लागले.

मात्र या पराभवाने हिंदू समाजाला हायसे वाटण्याचे कारण नाही. बाबासाहेबांना ती दीक्षा का घ्यावी लागली, या प्रश्नाचे उत्तर माओवाद्यांकडे मागता येणार नाही. ते सवर्ण समाजालाच द्यावे लागेल. चंद्रपूरला लागून असलेल्या भंडारा जिल्ह्यात २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडले. एका बौद्ध कुटुंबातील चौघांची गावाने हत्या केली. ती करणारे नक्षलवादी नव्हते. अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, असे बाळासाहेब देवरसांनी १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत निःसंदिग्धपणे सांगितले होते. त्याला अर्धशतक लोटले. तरीही एक पाणवठा, एक मंदिर, एक स्मशान प्रत्येक गावात आहे, असे छातीठोकपणे कोण म्हणू शकेल?

चिमूरच्या क्रांतीला स्फूर्ती देणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी याच परिसरात सामुदायिक प्रार्थनेत सर्व जातींना एका पंक्तीत बसविले. ती पंक्ती प्रार्थनेपुरती राहिली, जेवणाच्या पाटापर्यंत आणि सोयरिकीपर्यंत आली नाही, तर उणीव कोणाची? आता जंगलातील बंदूक थंडावत आहे. तिने सोडलेली जागा शाळा, ग्रामसभा आणि समरस गाव यांनी भरली पाहिजे. समरसतेवरील भाषण सोपे असते. गावाबाहेरच्या वस्तीतील घरी जाऊन पाणी मागून पिणे, आणि त्या घरच्या माणसाला आपल्या माजघरात आग्रहाने बसवणे, हे व्रत अवघड. चांद्याच्या दीक्षाभूमीला खरे अभिवादन त्या व्रतानेच होईल.