एक मिलीमीटरची ठेच

दादरच्या आमच्या जुन्या घरात यंदा फरशी बदलली. जुनी मोझेक लादी चांगली होती, राहू दे, असं आजी म्हणत होती. पण आम्हाला हॉलमध्ये मोठ्या, चकाचक टाइल्स हव्या होत्या. काम संपलं आणि तिसऱ्याच दिवशी आजी देवघराकडे जाताना ठेचकाळली. भिंतीचा आधार मिळाला म्हणून पडली नाही, पण अंगठ्याचं नख गेलं. वर मलाच विचारते, "हॉलच्या मध्ये उंबरठा कशाला घातलास रे?"

वाकून बोट फिरवलं. एका टाइलची कड शेजारच्या टाइलपेक्षा चांगली दीड-दोन मिलीमीटर वर होती. ठेकेदाराला फोन केला तर उत्तर आलं, "साहेब, एवढं चालतं. टाइलच तशी येते."

यातलं अर्धं खरं आहे. व्हिट्रिफाइड टाइल भट्टीत भाजताना किंचित वाकते, आणि लांब टाइलमध्ये हा बाक जास्त जाणवतो. विटांसारखी अर्ध्यावर सांधा ठेवून बसवली, की एकीचा फुगीर मध्यभाग दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाला येऊन भिडतो. म्हणून सांधा फार तर एक तृतीयांश सरकवावा म्हणतात. पण 'चालतं' यालाही मर्यादा आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅन्सी मानकात अरुंद सांध्यासाठी ती साधारण 0.8 मिलीमीटर, अधिक टाइलचा मूळचा बाक, एवढीच आहे. आणि आपण तर घरात अनवाणी फिरणारी माणसं!

मग जुन्या लाद्या का टोचत नव्हत्या? गिरगाव-दादरच्या जिन्यांत अजून दिसणाऱ्या नक्षीच्या सिमेंट लाद्या (भारत फ्लोअरिंग टाइल्सची सुरुवात 1922 ची) भट्टीत जातच नाहीत; दाबून बनवतात आणि पाण्यात मुरवतात. शिवाय आकार लहान, त्यामुळे जमिनीच्या उंचसखलपणाशी जुळवून घेतात. मोझेक तर बसवल्यावर मशीनने घासायचे. वर आलेली कड तिथेच झिजून जायची. आजची टाइल चकाकी कारखान्यातूनच घेऊन येते, ती घासता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंगमध्ये बग सापडतो, पण फिक्स म्हणजे टाइल फोडणे!

म्हणजे काळजी घ्यायची ती बसवतानाच. पण कारागिराला पैसे मिळतात स्क्वेअर फुटावर. जो प्रत्येक टाइलला पट्टी लावून बघेल, त्याची मजुरी बुडते. आणि मी काय केलं? रंग निवडायला तीन शनिवार घालवले आणि मजुरीत घासाघीस केली. जुन्या लादीवरच नवी बसवून घेतली, खालची जमीन सपाट आहे का हे न बघता. त्यामुळे सगळा दोष ठेकेदारावर ढकलायला जीभ रेटत नाही.

माझं मत आता पक्कं झालंय. टाइल थोडी स्वस्त घ्या, मजुरी जास्त द्या. दुकानात दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून कोपरे दाबून बघा, डुगडुगल्या तर नको म्हणा. बसवताना लेव्हलिंग क्लिपा लावायला सांगा. आणि शेवटचा हप्ता अनवाणी चालून बघितल्यावरच द्या.

आमच्या चार टाइल्स फोडून पुन्हा बसवल्या. आता कड लागत नाही. आजी मात्र अजूनही तिथून जाताना भिंतीला हात लावते.