मनगटावरचे घड्याळ कोणासाठी?



२५ जून २०१५ रोजी केंद्र सरकारने स्मार्ट सिटी अभियान सुरू केले आणि ३१ मार्च २०२५ रोजी ते संपले. पुणे, नागपूर, सोलापूर, इंदूर, भोपाळ धरून शंभर शहरे त्यात होती आणि शंभरही शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. भिंतभर पडदे, त्यावर चौकातली रहदारी, कॅमेऱ्यांची चित्रे, कचऱ्याच्या गाड्या. यंत्राला आमचा सरसकट विरोध नाही. रेल्वे आरक्षणाच्या खिडकीवर संगणक आला तेव्हाही नोकऱ्यांची धास्ती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण प्रवाशाचा जाच कमी झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. नागपूर आणि चंडीगढ येथे सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसचे घड्याळ बांधले गेले. कामगार नेमून दिलेल्या हद्दीत आहे की नाही, हे कक्षातल्या पडद्यावर दिसते आणि हजेरी त्यावरून ठरते. चंडीगढच्या कामगारांनी २०२० साली याविरुद्ध निदर्शने केली. झाडूवाली बाई हद्दीत मुतारी नाही म्हणून दोन गल्ल्या पलीकडे गेली, तर पडद्यावर ती गैरहजर! गटार किती घाण होते, हातमोजे मिळाले की नाही, हे मात्र त्या घड्याळाला दिसत नाही. मुकादमाशी निदान भांडता तरी येत होते.

हे सफाई कामगारांचे दुखणे म्हणून आपण बाजूला राहू शकत नाही. पोस्टमनच्या हातातला मोबाईल टपाल कधी दिले याची नोंद त्याच क्षणी वर पाठवतो. रेल्वेतही रुळांची गस्त घालणाऱ्यांना जीपीएस यंत्रे दिली गेली आहेत. एक यंत्र साहेबाला सांगते की ट्रॅकमन कुठे आहे. दुसरे ट्रॅकमनला सांगू शकते की गाडी कुठे आहे. रुळावर माणसे आजही गाडीखाली सापडतात. मग आधी कोणते यंत्र सर्वांच्या हाती पडायला हवे होते?

जाब विचारायचा तर कोणाला? अभियानासाठी प्रत्येक शहरात कंपनी कायद्याखाली वेगळी कंपनी काढली गेली. महापालिकेत नगरसेवकाला घेराव घालता येतो. कंपनीच्या संचालक मंडळाचे दार कामगाराला ठाऊकही नसते.

म्हणून शाखांनी आपापल्या प्रशासनाला आत्ताच लेखी विचारावे: यंत्रातली नोंद कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, आणि केवळ तिच्या आधारे कोणाचे वेतन कापले काय? नवे यंत्र हाती देण्यापूर्वी युनियनशी वाटाघाटी झाल्याच पाहिजेत, ही मागणी त्याच पत्रात असावी. पत्राची पोच घ्यायला विसरू नये.