करंट खाते जिवंत ठेवा, नाहीतर स्वतःच बंद करा

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आपल्या बांधवांची कापडाची दुकाने आणि शिलाईचे, जरीचे कारखाने आहेत. त्यांतील बऱ्याच जणांच्या गल्ल्यात दोन-दोन, तीन-तीन चेकबुके असतात. एका खात्यावर रोजची देवघेव चालते, बाकीच्यांकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही. अशी पडून राहिलेली खाती बँका बंद करू लागल्या की बाजारात ओरड होते. आमचे म्हणणे असे की ओरड करण्याआधी नियम समजून घ्यावा.

दुसरे खाते ठेवणे गैर नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये भांडुपला मुख्य कचेरी असलेल्या पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. एवढ्या रकमेत कारागिरांची आठवड्याची मजुरी कशी भागणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खातेदारांवरही तशीच पाळी आली. व्याज नको म्हणून आपल्यातील बरेच जण सारी पुंजी करंट खात्यातच ठेवतात. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत ५ लाखांपर्यंतच आहे. म्हणून दोन बँकांत खाते असणे शहाणपणाचे आहे. पण ते खाते जिवंत हवे.

रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेला नियम सरळ आहे. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते. बँकेने कापलेला चार्ज हा आपला व्यवहार धरला जात नाही. निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही, आणि खाते पुन्हा सुरू करण्यासाठीही पैसे घेता येत नाहीत. मात्र त्याआधीच्या दोन वर्षांत दंड लागतच असतो, आणि त्यात शिल्लक संपून जाते. पंजाब नॅशनल बँकेने २०२४ साली तीन वर्षे व्यवहार नसलेली आणि शिल्लक शून्य असलेली खाती मुदत देऊन बंद करण्याची सूचना काढली होती. शिल्लक असेल तर दहा वर्षांनी ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती बँकेमार्फत परत मागता येते, पण कागद गोळा करताना वारसांचा जीव मेटाकुटीला येतो.

खरा धोका चेकचा आहे. आपल्या धंद्यात माल उधारीवर येतो आणि पुढच्या तारखेचे चेक द्यावे लागतात. काही चेक नुसते तारण म्हणून वर्षानुवर्षे समोरच्याच्या कपाटात पडून असतात. मध्यंतरी ते खाते बंद झाले आणि चेक 'खाते बंद' या शेऱ्याने परत आला, तर तोही कलम १३८ खालचा गुन्हा होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच ठरवले आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खाते विसरले म्हणून देणे सुटत नाही, आणि बाजारातली पतही जाते.

बँकांनाही आमचे सांगणे आहे. वर्षभर व्यवहार नसला की खातेदाराला कळवावे, आणि पत्र परत आले तर खातेदाराचा किंवा वारसाचा शोध घ्यावा, हे नियमातच आहे. असल्फ्याचा गाळा सोडून कारखाना दुसरीकडे गेला तर जुन्या पत्त्यावरचे इंग्रजी पत्र कोणाला मिळणार? आणि मिळाले तरी कारागिराला ते वाचून कोण दाखवणार? नोटीस मराठीत द्यावी आणि एक फोनही करावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

पण आपले काम आपणच केले पाहिजे. या महिन्यात सारी चेकबुके आणि पासबुके एकत्र काढा. जे खाते ठेवायचे त्यात थोडी रक्कम टाका, केवायसी, मोबाईल नंबर आणि पत्ता नवा करा. खाते एकट्याच्या नावावर असेल तर वारसाची नोंद पाहा. जे नको असेल त्यावरचे बाहेर दिलेले चेक आधी परत घ्या. जीएसटी किंवा आयकराच्या कागदांत तेच खाते असेल तर ते बदला. मग लेखी अर्ज करून, उरलेली चेकची पाने बँकेत जमा करून खाते बंद करा आणि त्याची पोच घ्या. भागीदारी मोडलेल्या पेढ्यांनी तर हे आधी करावे. ईदच्या गर्दीत कोणाला वेळ मिळत नाही, म्हणून हे काम मंदीच्या दिवसांतच उरकून टाकावे.